थिबा पॅलेसचं बुकिंग

"काकू, थिबा पॅलेसमध्ये एका रात्रीचं किती घेतात हो?"

रत्नागिरीत आमच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, त्यामुळे मोसमात हा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच. राजस्थानातल्या राजवाड्यांची हॉटेलं झाली, इथे तर नावातच पॅलेस. विचारणाऱ्याची काय चूक? गेल्या मे महिन्यात एक कुटुंब रात्री नऊला बॅगांसकट थेट तिथल्या फाटकाशी उतरलं. मग आमच्याकडे आलं, पिठलं-भात खाऊन झोपलं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तिथे राहता येत नाही, ते संग्रहालय आहे. आणि ज्याच्यासाठी तो वाडा बांधला, तोही काही हौसेने आला नव्हता.

१८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशच्या (म्हणजे आताच्या म्यानमारच्या) थिबा राजाला राणी आणि मुलींसकट उचललं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. रेल्वे नाही, घाटरस्ते अवघड, पावसाळ्यात बोटी बंद. कैद्याला याहून सोयीचं गाव कुठलं? (कोकण रेल्वे पुरी व्हायला १९९८ उजाडलं.) तुम्ही "जरा निवांत, सगळ्यांपासून लांब" म्हणून येता ना, ते हेच लांब!

चोवीस वर्षं दुसऱ्या बंगल्यांत काढल्यावर १९१० मध्ये त्याला हा वाडा मिळाला. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. राणी पुढे मायदेशी परतली. थोरल्या राजकन्येचा मात्र राजाकडच्या सावंत नावाच्या नोकरावर जीव जडला होता. त्यांची मुलगी टूटू रत्नागिरीतच गरिबीत जगली, अस्खलित मराठी बोलायची. राजाची नात, आणि शेण्या थापून विकायची. मला वाड्यापेक्षा तीच जास्त आठवते.

वाडा बघाच पण. जांभ्या दगडाचा, तीन मजली, वर उतरती छपरं, सागवानावर नक्षी. अर्धगोल खिडक्यांना रंगीत काचा आहेत. ऊन आलं की जमिनीवर लाल-निळे तुकडे पडतात आणि लहान मुलं त्यांवर पाय ठेवत नाचतात. जवळच थिबा पॉइंट आहे, तिथून भाट्याची खाडी दिसते. राजाची समाधीही गावातच आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष ती पाहायला आले होते.

जुन्या भिंतींत झोपायचंच असेल, तर दक्षिणेला उतरा. सावंतवाडीच्या राजवाड्याच्या आवारात खोल्या देतात, गंजिफाही (खेळायचे गोल पत्ते) रंगवताना बघायला मिळतो. रेडीच्या पुढे, खाडीच्या अलीकडेच तेरेखोलचा किल्ला, हद्द गोव्याची. सावंतवाडीकरांनी बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आत चर्च, आणि अलीकडे हॉटेल. खिशाला मात्र तो जरा जड जातो.

आमचं घरही जांभ्याचंच आहे, कौलारू. काचा तेवढ्या साध्या. मे महिन्याचं असेल तर आत्ताच कळवा.