बाबांच्या सॅकला मेण लावलं तेव्हा

बाबांची जुनी सुती कॅनव्हासची सॅक माझ्याकडे आली, तेव्हा कापड दणकट होतं, पण पाणी अजिबात अडवत नव्हतं. माझ्या नायलॉनच्या सॅकची तर दमट हवेनं वाट लागली होती. आतला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) थर चिकट होऊन त्याचे पापुद्रे निघत होते. तो थर घरी पुन्हा नीट बसवणं अवघड असतं. कॅनव्हासला मात्र घरीच मेण लावता येतं.

पहिल्यांदा मी नुसत्या पांढऱ्या मेणबत्त्या वितळवून लावल्या. सॅक दुमडली की घडीवर पांढऱ्या रेघा उमटायच्या आणि कपच्या गळून पडायच्या. पॅराफिन, म्हणजे मेणबत्त्यांचं मेण, थंड झालं की ठिसूळ होतं. मधमाश्यांचं मेण चिवट, थोडं चिकट असतं, कापडाबरोबर वाकतं. दुसऱ्या खेपेला २०० ग्रॅम पॅराफिनमध्ये १०० ग्रॅम मधमाश्यांचं मेण घातलं. आईनं एक जुनं पातेलं कायमचं देऊन टाकलं. ते गरम पाण्याच्या टोपात ठेवूनच मेण वितळवलं. मेण थेट गॅसवर कधीच ठेवू नका, पेट घेतं.

खरी मेहनत पुढे होती. गार कापडावर ब्रश टेकवला की मेण तिथल्या तिथे थिजतं आणि नुसतं वर बसतं. म्हणून मे महिन्यातल्या दुपारी सॅक गच्चीवर तापवली, मग मेण लावलं आणि वीतभर भाग घेऊन त्यावर हेअर ड्रायर धरला. वरचा पांढुरका थर बघता बघता नाहीसा होतो, कापड गडद, ओलसर दिसायला लागतं. मेण धाग्यांमधल्या फटींत उतरलं, याची खूण तीच. एकट्या झाकणालाच अर्धा तास गेला. ही पायरी उरकायच्या घाईनं केली, तर बाकीचं सगळं वाया.

दुसऱ्या दिवशी तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. थेंब मोत्यांसारखे गोल होऊन ओघळले. मला बाबांना हाक मारल्याशिवाय राहवलं नाही.

जुलैत राजमाचीला पाच तास मुसळधार पावसात चाललो. सॅकमधले कपडे कोरडे राहिले, फक्त तळाच्या शिवणीतून थोडं पाणी झिरपलं. सुईच्या भोकांकडे माझं दुर्लक्ष झालं होतं. घरी आल्यावर शिवणीवर मेणाची वडी घासली, ड्रायर फिरवला. आता सॅक मळली की गार पाणी आणि ब्रश, एवढंच. साबण नाही, गरम पाणी नाही.