सोळाव्या रस्त्यावरचं मंक्स कॅफे: एडिसनहून फिलाडेल्फियाला, बिअरसाठी

फिलाडेल्फियाच्या मंक्स कॅफेला, म्हणजे तिथल्या बेल्जियन बिअरच्या बारला, जायचं ठरवलंत तर गाडी घरी ठेवा. न्यू जर्सीतली आपली मंडळी एरवी पाहुण्यांना गाडीत घालतात, लिबर्टी बेल दाखवतात आणि संध्याकाळी परत आणतात. तो बेत वेगळा. इथे 'एकच पिऊन निघू' म्हणणाऱ्याने न गेलेलं बरं, कारण इथल्या एका ग्लासचा हिशोब आपल्याला सवय असलेल्या ग्लासचा नाही. तो पुढे मांडतोच.

मी पुण्याहून मावसभावाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो होतो. तो, वहिनी आणि मी असे तिघं शनिवारी रेल्वेने गेलो. एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटने ट्रेंटन, तिथे गाडी बदलून सेप्टाच्या, म्हणजे फिलाडेल्फियाच्या स्थानिक रेल्वेच्या, ट्रेंटन लाइनने शहरातलं सबर्बन स्टेशन. बदलायच्या वेळेसकट दोनेक तास धरा. एडिसनजवळच्या मेट्रोपार्कहून अ‍ॅमट्रॅकची, म्हणजे लांब पल्ल्याची, थेट गाडी मिळते, ती लवकर पोचवते पण खिसा कापते. चेरी हिलच्या बाजूला राहणाऱ्यांचं काम सगळ्यांत सोपं. पॅटकोची गाडी बेन फ्रँकलिन पुलावरून नदी ओलांडते आणि तिचं शेवटचं स्टेशन पंधराव्या-सोळाव्या रस्त्यावर, लोकस्टपाशी आहे. तिथून कॅफे पायी पाच मिनिटं.

सबर्बन स्टेशनातून सोळाव्या रस्त्यावर वर या आणि दक्षिणेकडे सरळ चालत सुटा. शहराचा संस्थापक विल्यम पेन याच्या काळात, १६८२ मध्ये आखलेलं हे चौकटीचं शहर आहे. उभे रस्ते आकड्यांचे आणि आडव्यांपैकी बरेचसे झाडांच्या नावाचे, त्यामुळे चुकायला जागाच नाही. चेस्टनट, वॉलनट, लोकस्ट ओलांडले की स्प्रूस यायच्या जरा आधी कॅफे दिसतं. दहा-बारा मिनिटांची चाल. दर्शनी भाग बेताचाच आहे, आपल्याच तंद्रीत असाल तर पुढे निघून जाल.

टॉम पीटर्स आणि फर्गस केअरी या दोघांनी १९९७ मध्ये हे सुरू केलं. केअरी मूळचा डब्लिनचा, सॅन्सम रस्त्यावर त्याच्या नावाचा फर्गीज पब आधीपासून होता. पीटर्सला वेड बेल्जियमच्या बिअरचं. त्या काळात अमेरिकेत बेल्जियन बिअर म्हणजे एखाद्या दुकानात धूळ खात पडलेल्या चार बाटल्या. या लोकांनी ती टॅपवर आणली, तिच्यासोबत काय खायचं ते ठरवलं आणि गिऱ्हाइकाला शिकवलं. फिलाडेल्फियात आज कोपऱ्याकोपऱ्यावरच्या बारमध्ये ट्रिपेल किंवा सेझाँ या बेल्जियन प्रकारच्या बिअर मिळतात, त्याचं बरंचसं श्रेय या दोघांकडे जातं. शहरात २००८ पासून 'फिली बिअर वीक' सुरू झाला, त्यातही पीटर्स पुढे होता.

पुण्याच्या वाचकांसाठी एक फरक सांगतो. आपल्याकडे २००९ मध्ये स्वतःची बिअर बनवणारं डूलाली आलं आणि क्राफ्ट बिअर म्हणजे जिथे बनते तिथेच बसून पिण्याची चीज, असं डोक्यात पक्कं झालं. तिथे मिळणार त्यांचीच पाच-सहा प्रकारची. मंक्समध्ये बिअर बनत नाही. इथलं कसब निवडण्यात, साठवण्यात आणि ओतण्यात आहे. बाटल्यांची यादी दोनशेच्या आसपास, शिवाय पुढचा बार आणि मागचा बार असे दोन बार, दोन्हीकडचे टॅप बदलते. मागच्या बारचा ओढा बेल्जियमकडे जास्त. जागा मिळाली तर मागेच बसा.

जागा मिळणं हाच प्रश्न असतो. आधी टेबल राखून ठेवायची पद्धत इथे नाही. दारात नाव सांगायचं आणि थांबायचं. शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी सहाजणांचा घोळका घेऊन जाणं म्हणजे उभ्याने संध्याकाळ काढणं. आम्ही तीनच्या सुमाराला पोचलो, जेवणाची गर्दी ओसरली होती आणि बारपाशीच तीन खुर्च्या मिळाल्या. दोघं-तिघं असाल तर टेबलाचा हट्ट धरू नका. बारपाशी बसलात तरच बारटेंडरशी बोलता येतं, आणि इतक्या लांब यायचं खरं कारण तेच आहे.

यादीचं एक पुस्तकच आहे, त्याला 'बिअर बायबल' म्हणतात. प्रकारवार माहिती, कुठल्या गावची, किती टक्क्यांची, सगळं त्यात आहे. मी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तेव्हा वहिनी म्हणाली, "परीक्षा आहे का उद्या?" तिचं बरोबर होतं. पुस्तक चाळा, पण त्यातून निवडायला जाऊ नका. एरवी काय आवडतं, काय आवडत नाही, तेवढं बारटेंडरला सांगा. वहिनीने सांगितलं की बिअर कडू लागते म्हणून ती पीतच नाही. त्याने हसून एक घोटभर चाखायला दिली: मंक्सच्याच नावाची फ्लेमिश सावर. ही बेल्जियमच्या एर्टफेल्डे गावातली व्हान स्टीनबर्ग ब्रुअरी त्यांच्यासाठी बनवते, साडेपाच टक्के. रंग लालसर तपकिरी, जुनी आणि नवी बिअर मिसळून केलेली, आंबटगोड, कडवटपणा जवळजवळ नाहीच. वहिनीने ग्लासभर मागवली. बिअर न आवडणाऱ्या कुणालाही घेऊन जात असाल तर सुरुवात इथूनच करा.

भाऊ आयपीएवाला, म्हणजे हॉप्सची कडू बिअर आवडणारा. (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं.) त्याला कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रुअरीची प्लिनी द एल्डर मिळाली. आठ टक्क्यांची डबल आयपीए, हॉप्सचा वास ग्लास नाकापाशी यायच्या आधीच येतो. ही बिअर देशाच्या या टोकाला सहसा दिसत नाही, फिलाडेल्फिया हा जुना अपवाद. दिसली तर लगेच घ्या. ही ठेवून मुरवायची बिअर नाही, ताजी असतानाच तिची मजा.

मी गझ घेतली, आणि हिच्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ब्रसेल्सच्या आसपासची लँबिक बिअर बनवताना यीस्ट वरून घालतच नाहीत. धान्याचं उकळलेलं सत्त्व रात्रभर माळ्यावरच्या उथळ, पसरट भांड्यात उघडं ठेवतात आणि हवेतले जंतूच त्यात शिरून आंबवण्याचं काम सुरू करतात. विरजण न घालता दूध आपोआप लागावं तसा प्रकार. उन्हाळ्यात नको ते जंतू शिरतात म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतच चालतं. मग लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवणं, आणि एक, दोन, तीन वर्षांच्या लँबिक एकत्र करून बाटलीत भरल्या की झाली गझ. ब्रसेल्समधली १९०० साली सुरू झालेली काँटियाँ ब्रुअरी हेच करते. चव कोरडी, चांगलीच आंबट, वास जुन्या तळघराचा. पहिल्या घोटाला चेहरा वाकडा होतो. तिसऱ्या घोटापर्यंत धीर धरा, आणि तरीही आवडली नाही तर खुशाल सांगा. महाग बिअर आहे, त्यामुळे तिघांत एक बाटली घेणंच शहाणपणाचं.

आता हिशोब. रोशफोर १० ही बेल्जियममधल्या ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठातली बिअर ११.३ टक्के अल्कोहोलची. तिच्या ३३० मिलीलिटरच्या छोट्या बाटलीत सुमारे ३७ मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्याकडच्या पाच टक्क्यांच्या ६५० मिलीलिटरच्या मोठ्या बाटलीत साधारण साडेबत्तीस. म्हणजे ती इवलीशी बाटली आपल्या मोठ्या बाटलीपेक्षा भारी. यादीतल्या इतर बेल्जियन बिअरही अशाच: वेस्टमाल ट्रिपेल साडेनऊ, शिमे ब्लू नऊ, डूव्हल साडेआठ टक्के. ग्लास लहान दिला म्हणून कुरकुर करू नका. क्रमही सांभाळा: हलकी आणि आंबट आधी, कडू मध्ये, काळी-जड शेवटी. रोशफोर आम्ही शेवटी तिघांत एकच घेतली. सुकामेवा, काकवी, भाजल्याचा वास. फ्रीजमधली गार तिला चालत नाही, ग्लासात जरा वेळ राहू द्या, मग ती खुलते.

खायला मसल्स घ्याच. बिअरमध्ये शिजवलेले शिंपले, बाऊलभर येतात आणि तळाशी राहिलेला रस पावाने पुसून खायचा असतो. गोव्यात रवा लावून तळलेले शिणाणे ज्यांनी खाल्लेत त्यांना हे फिकं वाटेल असा माझा समज होता, तसं झालं नाही. लसूण भरपूर आहे. सोबतच्या फ्राइज उत्तम, त्यांच्याबरोबर बोर्बन घातलेलं मेयो येतं. त्यात अंडं असतं, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं. शिवाय बेल्जियममध्ये फ्राइज परंपरेने बीफच्या चरबीत तळतात, म्हणून बेल्जियन पद्धतीच्या कुठल्याही हॉटेलात तेल कोणतं ते आधी विचारलेलं बरं. बीफ न खाणाऱ्यांनी कार्बोनाद हे नाव दिसलं तर पान उलटावं. पूर्ण शाकाहारी माणसाला इथे उपाशी राहावं लागणार नाही, पण मेजवानीही होणार नाही. त्याच्यासाठी आधी बाराव्या रस्त्यावरच्या रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये पोटपूजा उरकून या. हे १८९३ पासूनचं मार्केट आहे आणि तसंही बघण्यासारखं आहे.

बिलाचं गणित नवख्यांना चकवतं. यादीतल्या किमतीवर फिलाडेल्फियात मद्याला १० टक्के कर, खाण्याला ८ टक्के, आणि वर १८ ते २० टक्के टिप. बिअरची छापील किंमत मनात तीस टक्क्यांनी वाढवूनच मागवा. ज्याने चाखायला दिलं, समजावून सांगितलं, त्याच्या टिपेत काटकसर करू नये, एवढं माझं मत.

वयाची अट २१ वर्षांची, आणि केस पांढरे असले तरी ओळखपत्र मागू शकतात. भारतातून आलेल्यांनी मूळ पासपोर्टच जवळ ठेवावा. आधारकार्ड दाखवून उपयोग नाही आणि मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये.

बाहेर पडल्यावर लगेच स्टेशन गाठायची घाई नको. वॉलनट आणि अठराव्या रस्त्यापाशी रिटनहाऊस स्क्वेअर आहे, तिथे बाकावर तासभर बसा, पाणी प्या. परतीच्या गाड्या मात्र सकाळीच बघून ठेवा. शनिवार-रविवारी ट्रेंटन लाइनच्या गाड्या विरळ असतात, आणि ट्रेंटनला पुढची गाडी समोरून गेली की थांबणं आलंच. जमलं तर आठवड्यातली कामाची दुपार निवडा. बारमागचा माणूस तेव्हा निवांत असतो आणि विचाराल तेवढं सांगतो.