पाहुणे आले की कोण कुठे जेवतो

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन याच्या ‘आय हिअर अमेरिका सिंगिंग’ (मला अमेरिकेचे गाणे ऐकू येते) या कवितेत सुतार फळी मोजताना गातो, गवंडी काम आटोपताना गातो, जोडे शिवणारा बाकावर बसून तर टोप्या करणारा उभ्याने गातो. मालक, पुढारी, धर्मगुरू यांना तिथे जागा नाही. कपडे धुणाऱ्या मुलीला आहे, आणि प्रत्येकाचे गाणे ज्याचे त्याचे आहे. ही समता मला मनापासून आवडते. दुपारच्या सुटीचाही उल्लेख कवितेत येतो, पण डबा मात्र कोणी उघडत नाही. ज्या 1860 साली ही कविता प्रथम छापली गेली, त्याच वर्षीच्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे साडेएकोणचाळीस लाख माणसे गुलाम म्हणून नोंदली गेली होती, आणि त्यांचे गाणे या मैफलीत वेगळे असे ऐकू येत नाही.

लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीने 1925 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आय, टू’ या अवघ्या अठरा ओळींच्या कवितेत ‘मीही अमेरिकेचे गाणे गातो’ असे म्हणत सुरुवात केली आणि पुढच्याच ओळीत स्वतःला घरातला सावळा भाऊ म्हटले. पाहुणे आले की घरचे त्याला स्वयंपाकघरात जेवायला पाठवतात. तो रुसत नाही. हसतो, पोटभर जेवतो आणि अंगाने भरतो, कारण उद्या पाहुण्यांदेखत टेबलाशी बसण्याचा त्याचा बेत पक्का आहे. पंगतीत कोण कुठे बसतो यावरून माणसाची पायरी ठरताना पाहिलेल्या मराठी वाचकाला यातली बोच वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

व्हिटमनवर अन्याय नको, म्हणून हेही सांगितले पाहिजे की 1855 सालच्या, पुढे ‘साँग ऑफ मायसेल्फ’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्याच्या दीर्घ कवितेत पळून आलेला एक गुलाम दाराशी येतो. कवी त्याच्या अंघोळीसाठी पाणी भरतो, त्याच्या जखमांना मलमपट्टी करतो आणि जेवताना त्याला शेजारी बसवतो. बंदूक कोपऱ्यात टेकवलेली असते. दृश्य सुंदर आहे, आणि त्या काळात ते धाडसाचेही होते, परंतु आठवडाभराने तो माणूस उत्तरेकडे निघून जातो, कारण तो पाहुणा आहे. ह्यूजच्या कवितेत पाहुणे दुसरेच आहेत आणि स्वयंपाकघरात पाठवला जातो तो घरचा मुलगा. पाहुण्याला शेजारी बसवायला यजमानाचे मोठे मन पुरते. घरच्या मुलाला मात्र ते मागावेच का लागावे? म्हणूनच ह्यूज दयेची भाषा बोलत नाही. उद्या मी किती देखणा आहे हे त्यांना दिसेल आणि त्यांचीच मान खाली जाईल, असे तो सांगतो. सुरुवातीला अमेरिकेचे गाणे गाणारा हा भाऊ शेवटच्या ओळीत ‘मीही अमेरिकाच आहे’ म्हणतो, तेव्हा त्याने व्हिटमनकडून गाणे घेतलेले असते, पण घरावरचा हक्क कोणाकडूनही घेतलेला नसतो.