दोनदाच का?

"सर, अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत वर्षातनं दोनदाच का येतात?"

काल कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॅफेत विज्ञानगप्पा संपत आल्या होत्या. विचारलं ते चहाचे कप गोळा करणाऱ्या पोरानं. हातात ट्रे तसाच.

पाहुण्या सरांनी माईक ठेवला आणि ओल्या बोटानं टेबलावर रेघ ओढली. हे पश्चिमेचं क्षितिज. मावळतीची जागा दक्षिणेकडं सरकत जाते, 21 डिसेंबरच्या आसपास थांबते, परत फिरते. म्हणून देवळाच्या पश्चिमेकडच्या महाद्वाराच्या रेषेत सूर्य जाताना एकदा येतो, नोव्हेंबरात, आणि परतताना एकदा, जानेवारीच्या शेवटी.

पोरगं पुटपुटत दिवस मोजत होतं. अलीकडं साधारण 42, पलीकडंही तेवढेच.

"बरोबर बसतंय की!"

ओली रेघ वाळली तरी तो तिथंच बघत होता.

डंकन डॅलस यांनी 1998 साली इंग्लंडमधल्या लीड्समध्ये असल्या गप्पा सभागृहात नाही, कॅफेत सुरू केल्या. सभागृहात हा पोरगा आत आला असता का?

आणि एक गोष्ट रात्रभर डाचतेय. तासभर तो आमच्यातनं फिरत, ऐकत होता. त्याला "बस रे" कुणीच म्हटलं नाही. मीही नाही.

पुढच्या वेळी एक खुर्ची त्याच्यासाठी ठेवूया?