व्हिएन्नाच्या विमानतळावरून परिषदेच्या दारापर्यंत

एप्रिल २०२४ मधला रविवार. दोहाहून निघालेलं विमान दुपारी व्हिएन्नाला उतरलं. सामान घ्यायला पट्ट्यापाशी उभी राहिले आणि आजूबाजूला बघितलं, तर जवळजवळ प्रत्येकाच्या खांद्याला पोस्टरची लांब नळी. माझ्याही काखेत होती, आत दख्खनच्या बेसॉल्ट खडकातल्या भूजलावरचं पोस्टर. युरोपियन जिओसायन्सेस युनियनची वार्षिक परिषद याच शहरात भरते, आणि त्या आठवड्यात जगभरातले हजारो भूवैज्ञानिक इथे येतात. ओळख ना पाळख, पण नळ्या बघून एकमेकांकडे हसणं सुरू झालं होतं.

पुण्याहून निघायच्या आधी आमच्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न हाच होता, "मॅडम, तिथून हॉटेलला कसं जायचं?" शोधनिबंध, व्हिसा, विमा सगळं झालेलं, धाकधूक मात्र या शेवटच्या वीस किलोमीटरची. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

विमानतळ शहराबाहेर श्वेखातला आहे. स्थानक तिथेच, जमिनीखाली. बाहेर पडताच हिरव्या रंगाच्या पाट्या आणि हिरवी तिकीटयंत्रं डोळ्यांत भरतात. ती वेगळ्या जलद गाडीची. ही गाडी मध्ये कुठेही न थांबता १६ मिनिटांत वीन मिटे स्थानकात (वीन म्हणजे व्हिएन्नाच) नेते आणि तिचं तिकीट तेव्हा पंधरा युरोच्या आसपास होतं. शहराच्या मध्यात उतरायचं असेल तर उत्तम सोय. पण आपली परिषद डॅन्यूबच्या पलीकडे, ऑस्ट्रिया सेंटरमध्ये. मिटेला उतरून पुन्हा गाडी बदला, मग आणखी एकदा बदला. वर त्या महागड्या तिकिटावर पुढची मेट्रो चालतच नाही.

त्यापेक्षा साधी लोकल घ्यावी, एस ७. लाल यंत्रावर भाषा इंग्रजी करून 'वीन'चं तिकीट काढलं, साडेचार युरोंच्या आत. तेच तिकीट शहरातल्या मेट्रोलाही चालतं. प्राटरश्टर्नपर्यंत अर्धा तास, तिथून यू १ मेट्रोची तीन स्थानकं. एकदाच बदल. दर बदलत राहतात, तेवढे निघण्याआधी तपासून घ्या, पण मार्गाचं हे गणित मला पटलेलं आहे. प्रवासखर्चाच्या तुटपुंज्या अनुदानावर येणाऱ्या मुलांना तर मी हेच सांगते.

फलाटावर एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची. एस ७ दोन्ही दिशांना जाते. शहराकडे जाणाऱ्या गाडीवर बहुतेक वेळा 'फ्लोरिड्सडोर्फ' लिहिलेलं असतं, प्राटरश्टर्न नव्हे. उलट दिशेची गाडी 'वोल्फ्सथाल'ला, म्हणजे स्लोव्हाकियाच्या सीमेकडे जाते. आमची एक विद्यार्थिनी माझ्यानंतरच्या विमानाने आली. तिचा फोन आला, आवाज रडवेला, "मॅडम, इथे फिशामेंड लिहिलंय. सगळीकडे शेतंच शेतं आहेत." विमानतळाच्या पुढचंच स्थानक ते. तिला म्हटलं, घाबरू नकोस, उतर, समोरच्या फलाटावर जा आणि येईल ती गाडी पकड. गाडी अर्ध्या तासाने असते, त्यामुळे तिचा तासभर गेला, पण पोचली सुखरूप.

माझी गाडी निघाली. डब्याची दारं आपोआप उघडत नाहीत, बटण दाबावं लागतं. मुंबईच्या लोकलची सवय असलेला माणूस इथे दारासमोर नुसताच उभा राहतो आणि मागचा कुणीतरी हात लांब करून बटण दाबतो. बोगद्यातून बाहेर आलो की लगेच तेलशुद्धीकरण कारखान्याच्या टाक्या आणि चिमण्या. पर्यटकाला हे दृश्य रुक्ष वाटेल, माझं मन मात्र तिथे रमलं. व्हिएन्ना ज्या खोऱ्यात वसलंय ते भूकवच ताणलं जाऊन खचलेलं, मायोसीन या प्राचीन भूशास्त्रीय कालखंडातल्या गाळाने भरलेलं खोरं. शहराच्या ईशान्येला मात्सेनचं तेलक्षेत्र १९४९ मध्ये सापडलं ते त्याच गाळात. आमच्या शास्त्राची परिषद भरायला याहून योग्य जमीन कोणती?

पुढे कायझरएबर्सडोर्फ, मग त्सेंट्रालफ्रीडहोफ, म्हणजे मध्यवर्ती दफनभूमी. १८७४ मध्ये सुरू झालेली. संगीतकार बेटहोवन (बीथोवन) आणि शुबर्ट इथे शेजारी शेजारी विसावले आहेत. गाडी मिनिटभर थांबली, हातात फुलांची कुंडी घेतलेल्या एक आजीबाई उतरल्या, आणि एक गृहस्थ तोंडाला मुसकं बांधलेला भलामोठा काळा कुत्रा घेऊन चढले. इथे गाडीत कुत्र्याला मुसकं बांधावंच लागतं. तो माझ्या पायाशी बसला, दोनदा नळी हुंगली आणि मग हनुवटी थेट माझ्या बॅगेवर टेकवून डोळे मिटले. मालकाने जर्मनमध्ये काहीतरी विचारलं, बहुधा चालेल ना असं. मी मान हलवली. रेनवेग, मिटे अशी स्थानकं येत गेली, गर्दी वाढली, तरी तो हलला नाही. रात्रभर झोप नसलेल्या मला त्या गरम श्वासाने किती बरं वाटलं म्हणून सांगू.

प्राटरश्टर्नला उतरल्यावर लगेच मेट्रोकडे पळू नका, विशेषतः रविवारी. रविवारी व्हिएन्नातली जवळपास सगळी दुकानं बंद असतात. या स्थानकातलं सुपरमार्केट मात्र उघडं असतं. हे मला आधीच्या वर्षी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितलं होतं आणि मी त्यांची ऋणी आहे. दूध, दही, पाव, केळी घेऊन ठेवली की शाकाहारी माणसाची पहिली रात्र आणि दुसरी सकाळ निभावते. दाराबाहेर मान वर केली की प्राटर या करमणूक उद्यानातला १८९७ सालचा जायंट व्हील, लाल डबे सावकाश फिरत असतात.

मग यू १, लाल रंगाची, लेओपोल्डाउच्या दिशेची. जुन्या डब्यांच्या दाराला मूठ असते, ती ओढायची. नव्यांना बटण. "त्सुरुकब्लायबन बिट्टं" ऐकू आलं की मागे सरायचं, दारं मिटतात. एक स्थानक जमिनीखालून, आणि मग गाडी उजेडात येते ती राइक्सब्रुक पुलावर. रस्ता डोक्यावर, आपण खालच्या मजल्यावर, आणि खिडकीतून डॅन्यूब. याच जागेवरचा आधीचा पूल १ ऑगस्ट १९७६ च्या पहाटे नदीत कोसळला. रविवार होता, रस्त्यावर वर्दळ नव्हती, तरी एकाचा जीव गेला. नवा पूल १९८० मध्ये झाला. मधलं डोनाउइन्झल स्थानक या पुलावरच, ज्या बेटाचं त्याला नाव आहे त्याच्या वर. एकवीस किलोमीटर लांबीचं ते बेट माणसाने केलेलं. पुरासाठी नदीला दुसरं पात्र खणलं आणि निघालेल्या मातीचं बेट झालं. पुणेकर म्हणून मुठेच्या पात्रात काय काय चाललंय ते आठवतं आणि जीव तुटतो. इथे पुराच्या पाण्यासाठी एक अख्खी नदी राखून ठेवलीय.

पुढचं स्थानक काइझरम्यूलन. संयुक्त राष्ट्रांच्या वळणदार इमारती समोर, त्यांच्या बाजूने पायी ऑस्ट्रिया सेंटर. विमानतळाच्या फलाटापासून इथवर पाऊण तास, दुकानातला वेळ सोडून.

आठवड्याच्या पासाबद्दल. तेव्हा तो सोमवारपासून पुढच्या सोमवारी सकाळी ९ पर्यंत चालायचा, त्यामुळे रविवारी येणाऱ्याला त्या दिवसाचं तिकीट वेगळंच. आणि पास शहराच्या हद्दीपुरता. विमानतळ हद्दीबाहेर. परतताना पास असेल तर हद्दीपासून पुढच्या टप्प्याचं तेवढं तिकीट काढायचं, पूर्ण नव्हे.

परतताना प्राटरश्टर्नच्या फलाटावर एस १, एस २, एस ३ अशा पुष्कळ गाड्या एकामागून एक येतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. विमानतळाला जाते ती एस ७. आता पाटीवर वोल्फ्सथाल दिसलं तर बिनधास्त चढा. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघी तिथे उभ्या होतो. फिशामेंड बघून आलेली आमची विद्यार्थिनी दोन पोर्तुगीज मुलांना पाटीवरचं नाव बोटाने दाखवून समजावत होती, त्यांच्याही खांद्याला नळ्या.