फोर्क की रेबर्न? टेक्ससमध्ये बासच्या मागे फिरताना तलाव आणि गाईड कसा निवडावा

डॅलसकडे राहणाऱ्यांना बास या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मासेमारीला कुठे जायचं हा प्रश्न पडायलाच नको, असं वरवर वाटतं. पूर्वेला दीड तासावर लेक फोर्क आहे. टेक्सस राज्याचा विक्रमी बास, तब्बल 18.18 पौंडांचा, 24 जानेवारी 1992 रोजी याच तलावात मिळाला आणि तो विक्रम अजून टिकून आहे. तरी मार्चमध्ये आम्ही जाऊन आल्यापासून ओळखीतले सगळे हेच विचारतायत: तलाव कुठला घेऊ, गाईड कसा शोधू? माझं उत्तर थोडं उलटं आहे. बोटीत कोण बसणार आणि त्यांना काय हवंय हे आधी ठरवा. त्यावरून गाईड ठरेल, आणि तलावाचं नाव त्यातूनच निघेल.

आमच्यात नवरा, मी, अकरा वर्षांचा लेक आणि देवगडहून आलेले बाबा. बाबांनी खाडीत हातात तंगूस धरून आयुष्यभर गरवलंय, पण रॉड-रीळ हा प्रकार त्यांना नवा. लेकाला एकच पण राक्षसी मासा हवा होता. नवऱ्याला आणि मला दिवसभर हाताला काहीतरी लागत राहिलं तरी पुरे होतं. अशा चौघांना एकाच तलावावर खूश करणं अवघड, म्हणून आम्ही हायवे 69 धरला. हा रस्ता सोयीचा आहे: आय-30 ने ग्रीनव्हिलला जायचं, तिथून 69 वर दक्षिणेला वळलं की एमरी, म्हणजे लेक फोर्कचा शेजार. तोच रस्ता पुढे मिनिओला, टायलर, जॅक्सनव्हिल करत लफकिनला आणि मग झवालाला जातो, तिथे सॅम रेबर्न तलाव. दोन्ही तलाव एकाच हायवेवर, मध्ये पाइनची जंगलं.

आता तलावांबद्दल. फोर्क साधारण 27,000 एकरांचा, 1980 मध्ये धरण बांधून झालेला. भरताना बुडीत क्षेत्रातली बरीचशी झाडं न तोडता तशीच ठेवली. त्यामुळे आजही पाण्यातून वाळलेल्या खोडांचं रान उभं दिसतं, आणि बोटींसाठी त्यातून वाटा आखलेल्या आहेत. माशाला लपायला जागा, वाऱ्याला थोडा अडसर. तिथे फ्लोरिडा जातीचे बास सोडले, आणि मासे मोठे व्हावेत म्हणून नियमही कडक ठेवला: 16 ते 24 इंचांमधला प्रत्येक बास परत पाण्यात सोडायचा. सोळाहून लहान ठेवता येतो, चोवीस किंवा त्याहून मोठा दिवसाला एकच. सॅम रेबर्न याच्या चौपटीहून मोठा, 1,14,500 एकर. तिथे राज्याचा नेहमीचा नियम लागतो, म्हणजे 14 इंचांपासून पुढचे पाच ठेवता येतात. पाण्याखाली हायड्रिलाचं गवत असतं आणि मधल्या आकाराचे मासे भरपूर. लुइझियानाच्या हद्दीवरचा टोलिडो बेंड त्याहूनही मोठा. 2015 आणि 2016 मध्ये लागोपाठ 'बासमास्टर' मासिकाच्या उत्तम तलावांच्या यादीत पहिला आला होता. पण तो दोन राज्यांत आहे, आपला परवाना कुठवर चालतो हे आधी तपासावं लागतं, आणि बाबांना घेऊन तेवढी पायपीट नको म्हणून आम्ही तो सोडला. केवळ महाकाय माशाचंच वेड असेल तर पश्चिमेला सॅन अँजेलोकडे ओ. एच. आयवी आहे. 2021 पासून तेरा पौंडांवरच्या माशांच्या बातम्या तिथूनच जास्त येतात. त्यासाठी मात्र दिवस-दिवस रिकाम्या हाताने बसायची तयारी हवी. लहान मुलांना तिथे नेऊ नका.

राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक तलावाचं स्वतंत्र पान आहे: नियम, बोट उतरवायच्या जागा, त्यांच्या जीवशास्त्रज्ञांचे पाहणी अहवाल. गाईडांच्या जाहिराती बघण्याआधी तासभर ते वाचा. रेबर्नला जाणार असाल तर पाण्याची पातळीही बघा. तिथली नेहमीची भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून 164.4 फूट. त्याच्या बरीच वर गेली असेल तर काठचे कॅम्प आणि धक्के पाण्याखाली जातात.

परवान्याचं थोडक्यात. सतरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. टेक्ससमध्ये सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्यांना रहिवासी दर मिळतो. आई-वडील भारतातून आले असतील तर त्यांना ज्येष्ठांची सवलत मिळत नाही, ती रहिवाशांसाठी आहे. त्यांच्यासाठी एक दिवसाचा परवाना सर्वांत सोपा. आम्ही काढला तेव्हा बाहेरच्यांना 16 डॉलर होता. वर्षाचा नेहमीचा परवाना 31 ऑगस्टला संपतो, मग तो तुम्ही कधीही काढलेला असो. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी घाईने घेऊ नका.

गाईड निवडणं हे खरं काम. बासबोटीत गाईड सोडून साधारण दोनच माणसं मावतात, त्यामुळे आम्हाला दोन बोटी घ्याव्या लागल्या आणि खर्च सरळ दुप्पट. चौकशी केली तेव्हा पूर्ण दिवसाचे साडेचारशे ते सहाशे डॉलर सांगत होते, वर पंधरा ते वीस टक्के टिप. एवढे पैसे मोजायचे तर फोनवर दहा मिनिटं बोलून घ्यायला लाजू नये. मी ऐकत एकच होते: समोरचा आपल्याला काही विचारतो का? 'किती जण, कोणाला फेकता येतं, वयस्कर कोणी आहे का, मोठा एक हवा की लहान पुष्कळ' हे ज्याने आपणहून विचारलं, त्याला आम्ही घेतलं. 'पन्नास मासे नक्की' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार. एकजण तर माझा आवाज ऐकून 'तुमच्या मिस्टरांना फोन द्या' म्हणाला. त्याचंही नाव खोडलं.

त्यांचे फोटो जरूर बघा, पण माशाकडे नाही. मासा कोणाच्या हातात आहे ते बघा. सगळ्या फोटोंत गाईडच मासा धरून उभा असेल, तर दिवसभर रॉड कोणाच्या हातात असतो हे उघड आहे. मागची झाडंही बघा. तुम्ही मार्चमध्ये जाणार आणि फोटोंत फक्त भर उन्हाळ्यातली गर्द पालवी असेल, तर त्याला तुमच्या महिन्याबद्दल खोदून विचारा.

सोनारबद्दल, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचा मासा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राबद्दल, स्पष्ट बोलून घ्या. हल्ली पुष्कळ गाईड पुढे बघणारा सोनार लावतात. गार्मिनचा लाइव्हस्कोप 2018 मध्ये आला तेव्हापासून हे वाढत गेलं. पडद्यावर मासा दिसतो, गाईड सांगतो 'डावीकडे, चाळीस फूट', आणि आपण तिथे आमिष टाकायचं. यावरून तिकडे मोठा वाद आहे. माझं मत विचाराल तर माणसागणिक उत्तर वेगळं. लेकाच्या बोटीत तो होता. व्हिडिओ गेम खेळल्यासारखा पोरगा दिवसभर जागचा हलला नाही, आणि मासा आमिषामागे येऊन वळून जाताना दिसला की ओरडायचा. बाबांच्या बोटीत मी तो मुद्दाम बंद ठेवायला सांगितला होता.

त्यांना गाईडने बेटकास्टर न देता साधं स्पिनिंग रीळ दिलं. बेटकास्टरवर नवख्याचा अर्धा दिवस गुंता सोडवण्यातच जातो, त्यामुळे बुकिंग करतानाच हे सांगून ठेवा. खोडांच्या बुडाशी प्लास्टिकचा किडा, म्हणजे टेक्सस रिग, सोडायचा आणि सावकाश ओढायचा. बाबांनी रॉड एका हातात धरला आणि दुसऱ्या हाताची तर्जनी तंगुसावर ठेवली, खाडीत ठेवायचे तशी. गाईडने आधी त्यांची पकड सुधारायला हात पुढे केला, मग जरा बघून मागे घेतला. थोड्याच वेळात बाबांनी झटका दिला आणि एकोणीस इंची बास वर आला. मोजला, आणि गाईडने तो पाण्यात सोडला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. 'अगो, ह्यो सोडतत?' नियम समजावून सांगितला, तो पटला नाही. हे घरूनच सांगून आणा, पाण्यावर सांगत बसू नका.

दुपारी बाबांनी पिशवीतून केळी काढली तर गाईडचा चेहरा पडला. बोटीवर केळं अपशकुनी, ही तिकडची पक्की समजूत आहे. तो हसत हसत बोलला, पण त्याने ती खरोखर धक्क्यावर ठेवून यायला लावली. चपाती आणि शेंगदाण्याच्या चटणीवर कोणाचा आक्षेप नाही.

बोटीत संडास नसतो. बायकांनी आणि वयस्करांनी हे आधीच बोलून घ्यावं, दर दोन-तीन तासांनी मरीनावर नेण्याचं कबूल करून घ्यावं. चांगल्या गाईडला यात काही वाटत नाही. आणि उतरत्या काठावरून बोटीत चढण्यापेक्षा तरंगत्या धक्क्यावरून चढायला मिळेल का हेही विचारा. बाबांच्या गुडघ्यांना त्याचा फार फरक पडला. तेरा वर्षांखालच्या मुलाला, बोट काठाला बांधलेली किंवा नांगरलेली नसेल तोवर, लाइफ जॅकेट कायद्यानेच सक्तीचं आहे. मार्चच्या सकाळी या बोटी पळतात तेव्हा गारठा हाडात शिरतो. जॅकेट, कानटोपी आणि पोलराइज्ड गॉगल न्याच.

फोर्कहून दक्षिणेला जाताना टायलरवरून थोडी वाट वाकडी करून अथेन्सला थांबलो. तिथे राज्याचं फ्रेशवॉटर फिशरीज सेंटर आहे. 1986 पासून चालू असलेल्या शेअरलंकर कार्यक्रमात, तेरा पौंडांचा किंवा त्याहून मोठा बास पकडणारा माणूस तो मासा अंडी घालण्यासाठी राज्याला उसना देऊ शकतो. सध्या हे जानेवारी ते मार्च या काळात चालतं. त्यांची पिल्लं वाढवून तलावांत सोडतात. हे बघितल्यावर बाबांना तो सोडलेला मासा थोडासा पटला. थोडासाच.

रेबर्नवर उत्तरेची थंड लाट आली. थंड लाट गेल्यावर निरभ्र आकाश पडतं आणि बास तोंड उघडत नाही, हे सगळे सांगतात आणि खरंही आहे. एवढ्या उघड्या पाण्यावर वारा लाटा उठवतो, तो वेगळाच. तिथल्या गाईडने आदल्या संध्याकाळी स्वतः फोन करून धक्का बदलला, वाऱ्याआडच्या एका ओढ्याच्या तोंडाशी बोलावलं आणि म्हणाला, पूर्ण दिवसाचे पैसे घेणार नाही, अर्ध्या दिवसाचे द्या. गवतावरून लिपलेस क्रँकबेट नावाचं खुळखुळणारं आमिष ओढत चौदा-पंधरा इंचांचे मासे लागत गेले. नवरा खूश, मी खूश. लेक मात्र 'इथे पडदा का नाही' म्हणून कुरकुरत होता. हवामान बिघडलं तर रद्द कोण करणार आणि आगाऊ रकमेचं काय होणार, हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या. विजांच्या बाबतीत शेवटचा शब्द गाईडचाच असू द्या.

मार्चच्या तारखांसाठी नाताळाआधीच फोन करा. शाळांच्या स्प्रिंग ब्रेकचा आठवडा टाळा आणि जमल्यास मंगळवार-बुधवार घ्या. शनिवार-रविवारी स्पर्धांच्या बोटींची गर्दी असते. पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या आसपास आलं की मासा अंडी घालायला उथळात येतो. पूर्व टेक्ससमध्ये हे बहुतेक मार्चमध्येच घडतं.

आणि मासा खायचाच असेल, जो प्रश्न आपल्याकडचा प्रत्येकजण विचारतोच, तर बासच्या मागे लागू नका. रेबर्न आणि टोलिडो बेंडच्या बासमधल्या पाऱ्याबद्दल राज्याच्या आरोग्य खात्याची सूचना आहे. गरोदर बायका आणि मुलांसाठी ती जरूर वाचा. त्याऐवजी क्रॅपी या दुसऱ्या माशाचा गाईड घ्या. फोर्कवर तेही मिळतात, आणि बरेचजण संध्याकाळी मासे साफ करून तुकड्या हातात देतात. क्रॅपीला काटा कमी, रवा लावून तव्यावर झकास होतो. बाबांनी पुढच्या वेळचं बुकिंग त्याचंच करायला सांगितलंय.