डागलेली मान

टेबलावरच्या युद्धखेळांसाठी लोक छोट्या मूर्तींचं सैन्य जमवतात, त्या मूर्ती मी रंगवून देते. रंगवलेलं मॉडेल न्यायला आलेला ग्राहक ते हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघत होता. मग म्हणाला, "काम सुंदर झालंय. पण हा हरलेला दिसतोय."

मला आधी कळलंच नाही. सात तोंडांचा हायड्रा, त्याच्या सैन्यातला सगळ्यात मोठा राक्षस. बाकीचे सैनिक २८ मिलिमीटरचे, हा त्यांच्या चौपट उंच. तीन आठवडे मी दुसरं काम हातात घेतलं नव्हतं. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे मूर्तीवर उठणारी रेघ, म्हणजे जोड, नेमकी तीन चेहऱ्यांच्या मधोमध आलेली. असा साचा करणाऱ्यांना एकदा तरी रंगवायला बसवायला हवं! जोड खरवडला की खवलेही जातात, मग एकेक खवला सुईच्या टोकाने पुट्टीत पुन्हा उठवायचा. माना सुट्या ठेवून रंगवल्या, नाहीतर आतल्या बाजूला ब्रश पोचत नाही. शेवटी १ मिलिमीटरचं भोक पाडून, पितळी तार घालून त्या जोडल्या.

हिरव्या कातडीच्या सावलीत मी काळा कधीच घालत नाही, रंग मरतो. जांभळा पाण्यासारखा पातळ करून त्याचे सात-आठ हात दिले. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. घाई केली तर खालचा ओला थर उचलला जातो आणि डाग पडतो. गळ्याखाली खवले संपून मऊ कातडी सुरू होते, तिथे पिवळ्यात किंचित गुलाबी मिसळला. हायड्राने आत्ताच श्वास आत घेतलाय असं वाटावं, इतकी ती जागा जमली होती.

आठवी मान मूर्तीतच कापलेली होती. ती मी जळकी रंगवली: मध्ये कोळशाचा काळा, कडेला राखेचा करडा, भेगांत निखाऱ्याचा नारिंगी. ग्रीक कथा मला माहीत होती. हायड्राचं एक डोकं छाटलं की तिथे दोन फुटतात, आपल्या रक्तबीजाचीच जात. म्हणून हर्क्युलीसने डोकी छाटली आणि त्याचा पुतण्या आयोलाउस जळत्या लाकडाने माना डागत गेला. डागल्यावर डोकं उगवत नाही.

"मान डागलेली आहे म्हणजे हर्क्युलीस येऊन गेलाय," तो म्हणाला. "माझ्या सैन्यात याला अजून जिंकायचंय."

लोक सहसा तोंडं नीट आहेत का आणि मॉडेल कधी मिळेल एवढंच विचारतात. याने कथा मूर्तीत वाचली होती. मी मात्र नारिंगी रंगाच्या मोहात ती उलटी सांगून बसले होते.

मॉडेल ठेवून घेतलं. वॉर्निश झालेलं होतं, त्यामुळे खालच्या रंगाला धक्का न लावता वरून रंगवता आलं. गडद लाल मांस, मध्ये मणक्याचा पिवळट पांढरा, आणि तेवढ्याच जागेवर चकचकीत वॉर्निश, म्हणजे जखम ओली दिसेल. शिवाय पुट्टीचे मोहरीएवढे दोन कोंभ बसवले. पुट्टी रात्रभर कडक होऊ दिली आणि सकाळी कोंभांना गळ्याचाच पिवळा-गुलाबी दिला.

दुसऱ्या दिवशी तो आला. त्याने कोंभांवरून नुसतं बोट फिरवलं आणि मॉडेल पेटीत ठेवलं.

रंगकाम म्हणून जळकी मानच सरस होती, असं मला अजूनही वाटतं. तिचा फोटो मी जपून ठेवलाय. पण दोन्ही फोटो शेजारी ठेवले की माझीच नजर आधी कोंभांकडे जाते.